बीपी नॉर्मल आहे, पण पाय गार आहेत

कानात हेडफोन घालून ऐकणाऱ्यांना नमस्कार आणि बसमध्ये उभं राहून हा भाग वाचणाऱ्यांनाही. मी लहान मुलांची डॉक्टर आहे आणि आज मला तुमच्याशी शॉकबद्दल बोलायचंय.

शॉक म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. ओल्या हाताने बटण दाबलं की बसतो तो, नाहीतर निकाल बघून वडिलांना बसतो तो. डॉक्टर जेव्हा 'पेशंट शॉकमध्ये आहे' म्हणतात, तेव्हा त्यांना वेगळंच काहीतरी सांगायचं असतं. शरीरातल्या पेशींना जेवढं रक्त, म्हणजे रक्तातून जेवढा ऑक्सिजन पोचायला हवा, तेवढा पोचत नाहीये. बस, एवढाच त्याचा अर्थ.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. या व्याख्येत मी 'बीपी' हा शब्द वापरला नाही. मुद्दाम नाही वापरला. लहान मुलांच्या बाबतीत बीपी हा शब्द आपल्याला फसवतो. मलाही फसवत होता.

त्या रात्री

मी तेव्हा शिकाऊ डॉक्टर होते, पहिल्याच वर्षाला. पावसाळा संपत आलेला, वॉर्डात डेंग्यूची गर्दी. एका खाटेवर दोन-दोन मुलं. रात्री अकराच्या सुमाराला सात वर्षांचा एक मुलगा आला. चार दिवस ताप होता, पाचव्या दिवशी सकाळी उतरला. आई म्हणाली, "सकाळपासून ताप नाही मॅडम, पण पोटात दुखतंय म्हणतो. दोनदा उलटी झाली." वडिलांच्या हातात रिपोर्टचा कागद. त्यांचा एकच प्रश्न, "प्लेटलेट किती धरायच्या?"

मुलगा शुद्धीत होता. मी नाव विचारलं, सांगितलं. शाळेचं नाव सांगितलं. वर मलाच विचारलं, "घरी कधी सोडणार?" मी बीपी घेतलं. १००/८४. या वयाला वरचा आकडा साधारण १०० असतोच. मी केसपेपरवर लिहिलं, 'बीपी नॉर्मल', आणि पुढच्या पेशंटकडे वळले.

रात्रपाळीला एक जुन्या सिस्टर होत्या. माझ्या वयापेक्षा त्यांची नोकरी जास्त झालेली. त्या सलाइनची बाटली अडकवत होत्या. त्यांनी चादर वर केली, मुलाच्या पायावर हात ठेवला आणि मला हाक मारली. "मॅडम, जरा याच्या पायाला हात लावून बघा."

मी हात लावला. पाय गार. फरशीसारखे गार. वॉर्डात पंखा नीट चालत नव्हता, आम्ही सगळे घामाने भिजलेलो, आणि या पोराचे पाय घोट्याच्या वरपर्यंत गार होते. मी बोटाचं नख दाबून सोडलं. दाबल्यावर पांढरं झालेलं बोट परत गुलाबी व्हायला हवं होतं दोन सेकंदांत. मी मनात मोजलं, एक, दोन, तीन, चार. मग कुठे रंग आला. नाडी मोजली, मिनिटाला १४०. ताप नसताना, झोपून असताना, सात वर्षांच्या मुलाची.

तो मुलगा शॉकमध्ये होता. माझ्याशी गप्पा मारत होता आणि शॉकमध्ये होता.

नळाचा पाइप आणि अंगठा

हे कसं काय? ते समजून घ्यायला एक साधा प्रयोग आठवा. अंगणात किंवा गाडी धुताना आपण रबरी पाइप धरतो. पाण्याची धार मंद झाली की काय करतो? तोंडावर अंगठा दाबतो. लगेच फवारा जोरात उडतो. पाणी वाढलं का? नाही. उलट कमीच यायला लागलं. पण पाइपातला दाब वाढला.

बीपीचं यंत्र दाब मोजतं, रक्ताचा प्रवाह मोजत नाही. दाब दोन गोष्टींवर ठरतो. हृदय मिनिटाला किती रक्त फेकतंय आणि पुढच्या नळ्या किती आवळलेल्या आहेत. रक्त कमी फेकलं जात असलं, तरी नळ्या आवळून शरीर दाब जागच्या जागी ठेवू शकतं. आणि मुलांचं शरीर या कामात फार पटाईत असतं.

किती पटाईत? अपघातात रक्त गेलेल्या मुलाचं उदाहरण घ्या. अंगातलं जवळजवळ ३० टक्के रक्त गेलं तरी बीपीचा वरचा आकडा नॉर्मल राहू शकतो. आता हे रक्त असतं तरी किती? तान्ह्या आणि लहान मुलात किलोमागे साधारण ८० मिली. म्हणजे दहा किलोच्या बाळात एकूण ८०० मिली. दुधाच्या एक लिटरच्या पिशवीपेक्षाही कमी. त्यातलं पाव लिटर गेलं तरी यंत्र म्हणेल, सगळं ठीक आहे.

आत काय चाललेलं असतं

आता शरीर हे कसं करतं, ते एकेक करून सांगते. हे कळलं की लक्षणं पाठ करावी लागत नाहीत, आपोआप आठवतात.

मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीत दाब ओळखणारे मज्जातंतू असतात. दाब जरासा ढळला की ते मेंदूला कळवतात. मेंदू काही सेकंदांत हुकूम सोडतो आणि अॅड्रेनॅलिन, नॉरअॅड्रेनॅलिन ही रसायनं कामाला लागतात.

पहिला परिणाम हृदयावर. ठोके वाढतात. मोठ्या माणसाचं हृदय दर ठोक्याला थोडं जास्त रक्तही फेकू शकतं. तान्ह्या बाळाचं हृदय छोटं आणि कमी ताणलं जाणारं असतं, त्याला ते फारसं जमत नाही. त्याच्याकडे मुख्य उपाय एकच, वेग वाढवणं. म्हणून मुलांमध्ये वाढलेली नाडी ही सगळ्यात आधीची खूण. अडचण अशी की ताप, रडणं, भीती यांनीही नाडी वाढते. मूल शांत झोपलंय, ताप नाही, आणि तरी नाडी धावतेय, तेव्हा मात्र कान टवकारायचे.

दुसरा परिणाम रक्तवाहिन्यांवर. पाणीटंचाईत सोसायटीचा वॉचमन काय करतो? बागेचा व्हॉल्व्ह बंद, गाड्या धुणं बंद, पिण्याचं पाणी चालू. शरीरही तेच करतं. त्वचेचा व्हॉल्व्ह आधी आवळतं, म्हणून हातपाय गार पडतात, फिके दिसतात, कधी अंगावर जाळीसारखे निळसर चट्टे उमटतात. मग आतड्यांचा पुरवठा कमी होतो. मग मूत्रपिंडांचा, म्हणून लघवी कमी होते. वाचवायचं कोणाला? हृदयाला आणि मेंदूला. म्हणूनच माझा तो पेशंट शाळेचं नाव सांगू शकत होता. त्याच्या मेंदूचा पुरवठा चालू होता, आणि त्याची किंमत बाकीचं शरीर मोजत होतं.

तिसरी गोष्ट जरा सावकाश, काही तासांत होते. मूत्रपिंडं आणि मेंदूतल्या ग्रंथी मिळून अशी हार्मोन्स सोडतात की मीठ आणि पाणी शरीराबाहेर जाऊच नये. थोडीशी, गडद पिवळी लघवी होते, नाहीतर होतच नाही. सोबत तहान प्रचंड वाढते.

चौथी गोष्ट श्वासाची. ज्या पेशींना ऑक्सिजन मिळत नाही, त्या ऑक्सिजनशिवायच कशीबशी ऊर्जा बनवतात आणि त्यात आम्ल साचतं. ते कमी करायला शरीर श्वास वाढवतं. न्यूमोनियात मूल छाती आत ओढून, धापा टाकत श्वास घेतं. इथे तसं नसतं. मूल शांत पडलेलं असतं, पण श्वास भराभर चालू असतो. बघणाऱ्याला वाटतं, थकलंय बिचारं, झोपलंय.

आणि पाचवी गोष्ट साखरेची. लहान मुलांच्या यकृतात साखरेचा साठा कमी असतो. या सगळ्या धडपडीत तो लवकर संपतो. म्हणून शॉकमधल्या मुलाची साखर आम्ही लगेच तपासतो.

मग एकदम काय होतं?

इथपर्यंतच्या अवस्थेला आम्ही म्हणतो, शरीराने सांभाळून घेतलेला शॉक. पण सांभाळायलाही मर्यादा असते. वॉचमन किती दिवस व्हॉल्व्ह फिरवत बसणार? टाकीच रिकामी झाली की पिण्याचंही पाणी जातं.

त्या वेळी बीपी पडतं. ते हळूहळू खाली येत नाही, कड्यावरून पडल्यासारखं पडतं. एक ते दहा वर्षांच्या मुलासाठी आमचा एक सोपा हिशोब असतो. वयाची दुप्पट करा, त्यात ७० मिळवा. बीपीचा वरचा आकडा त्याच्याही खाली गेला तर ते धोक्याचं कमी बीपी. सात वर्षांच्या मुलासाठी ८४. तेव्हा मूल सुस्तावतं, आईलाही ओळखत नाही. त्यानंतर धावणारं हृदय मंद व्हायला लागतं. नातेवाइकांना वाटतं नाडी शांत झाली. ती शांत झालेली नसते, ती थकलेली असते.

पुढच्या वर्षी मी असं एक बाळ पाहिलं. नऊ महिन्यांचं, दोन दिवस जुलाब. वाटेत दोन ठिकाणी दाखवलं होतं. आमच्याकडे आलं तेव्हा नाडी साठवर आली होती आणि श्वास तुटक झाला होता. आम्ही सगळं केलं. ते वाचलं नाही. आई सारखं एकच सांगत होती, "दुपारपर्यंत रडत होतं हो, मग शांत झोपलं." त्या शांत झोपण्याबद्दलच मी आज इतकं बोलतेय.

डेंग्यूची चाल

आता परत आपल्या सात वर्षांच्या मुलाकडे. त्याचा जुलाब नव्हता, रक्त गेलं नव्हतं. मग रक्ताभिसरण कमी का पडलं?

डेंग्यूत काही मुलांच्या केशवाहिन्या, म्हणजे सगळ्यात बारीक रक्तवाहिन्या, गळायला लागतात. रक्तपेशी आतच राहतात, पण रक्तातला पातळ भाग पाझरून पोटात आणि छातीत साचतो. रक्त शरीराबाहेर जात नाही, एक थेंबही दिसत नाही, पण नळ्यांमधलं पाणी कमी होतं. आणि ही गळती बहुधा सुरू होते ताप उतरायच्या सुमाराला, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. पुढचे २४ ते ४८ तास धोक्याचे. घरी सगळे म्हणतात, ताप गेला, देव पावला. बहुतेक मुलं खरंच बरी होतात. पण काहींची खरी परीक्षा तिथूनच सुरू होते. पोटात सारखं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, सुस्ती, या त्या वेळच्या सूचना.

आता तो आकडा पुन्हा बघा. १००/८४. मी फक्त वरचा आकडा पाहिला होता. खालचा आकडा रक्तवाहिन्या किती आवळल्यात त्याबद्दल सांगतो. एरवी त्या वयात तो साठीच्या आसपास असतो, म्हणजे दोन आकड्यांत ४० चं अंतर. इथे उरलं होतं १६. डेंग्यूमध्ये हे अंतर २० किंवा त्याहून कमी झालं की तो शॉक समजायचा, वरचा आकडा कितीही छान असो. म्हणजे यंत्राने खोटं सांगितलंच नव्हतं. मीच अर्धं वाचलं.

आणि प्लेटलेट? त्या मुलाच्या वडिलांसारखं प्रत्येक घर प्लेटलेटचा आकडा विचारतं. पपईच्या पानाचा रस, व्हॉट्सअॅपवरचे उपाय, सगळं त्या एका आकड्यासाठी. प्लेटलेट बघतो आम्हीही. पण या मुलांचा जीव बहुतेक वेळा धोक्यात येतो तो गळतीमुळे. म्हणून आम्ही रक्त किती घट्ट झालंय ते तपासतो. त्या मुलाचं रक्त आदल्या दिवशीच्या मानाने चांगलंच घट्ट झालं होतं.

सलाइन म्हणजे पाणी ओतणं नव्हे

मग उपाय सोपा वाटतो. पाणी कमी झालंय, सलाइन लावा, भरपूर द्या. तसं नसतं. डेंग्यूत जास्त दिलेलं पाणी पुन्हा गळतं, आणि गळती थांबल्यावर साचलेलं सगळं रक्तात परत येतं. मग फुप्फुसात पाणी होऊन मूल गुदमरू शकतं.

२०११ साली आफ्रिकेतल्या युगांडा, केनिया आणि टांझानियातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ताप आणि रक्ताभिसरण कमी पडल्याची लक्षणं असलेली ३,१४१ मुलं. बऱ्याच जणांना मलेरिया होता. जुलाबाची मुलं यात नव्हती. काही मुलांना सुरुवातीलाच भराभर द्रव दिला, काहींना संथ गतीने. सगळ्यांचा अंदाज होता की भराभर दिलेली मुलं जास्त वाचतील. झालं उलटं. ४८ तासांत भराभर दिलेल्यांपैकी साडेदहा टक्के मुलं दगावली आणि संथ गतीच्या गटात सात टक्क्यांच्या आसपास. ही अतिदक्षता विभाग नसलेली रुग्णालयं होती, त्यामुळे हाच नियम सगळीकडे तसाच लागू होत नाही. पण जगभरच्या बालरोगतज्ज्ञांनी त्यातून एक धडा घेतला. किती द्यायचं ते ठरवण्याआधी शॉक कशामुळे आहे ते शोधा, थोडं द्या, परत बघा, मग पुढचं द्या.

जुलाबातल्या शॉकचं मात्र वेगळं. तिथे पाणी आणि क्षार बाहेर गेलेले असतात, ते परत द्यायचेच असतात. आणि वेळेवर दिले तर शिरेत सुई घालायचीही वेळ येत नाही. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली. डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडची सलाइन संपत चालली होती. त्यांनी मीठ, साखर आणि सोड्याचं पाणी नातेवाइकांच्या हातात दिलं आणि पाजायला सांगितलं. छावणीतलं मृत्यूंचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. आज मेडिकलच्या दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी हे त्याच पाण्याचं सुधारलेलं रूप.

तुम्ही काय बघायचं

तुमच्यापैकी बरेच जण विशी-पंचविशीतले. स्वतःचं मूल नसेल, पण भाचा असेल, पुतणी असेल, शेजारचं पोर असेल. आणि घरात दवाखान्याची धावपळ करायला तुम्हीच असता. म्हणून मोबाइलमध्ये टिपून ठेवा.

आजारी मुलाच्या पायाला हात लावा. नुसते तळवे नाही, घोट्याच्या वरपर्यंत गार आहेत का? थंडी वाजून ताप चढताना पाय गार पडतात, ते वेगळं. ताप नसताना, उकाड्यात पाय गार असतील तर गंभीर.

बोटाचं टोक पाच सेकंद दाबा आणि सोडा. रंग परत यायला तीन सेकंदांहून जास्त वेळ लागतोय का?

शेवटची लघवी कधी झाली ते विचारा. सहा तासांत झाली नसेल तर वाट बघत बसू नका.

मूल कसं वागतंय? आधी चिडचिडं होतं आणि आता एकदम गप्प झालंय का? हाक मारल्यावर डोळ्याला डोळा देतंय का? श्वास भराभर चालतोय का?

यातली एक गोष्ट सुटी आढळली तर मूल डॉक्टरांना दाखवा. दोन-तीन एकत्र दिसल्या तर वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा. तिथे कोणी म्हणालं बीपी नॉर्मल आहे, तर नम्रपणे पण स्पष्ट सांगा, "डॉक्टर, पाय गार आहेत आणि दुपारपासून लघवी नाही." हे वाक्य कुठल्याही डॉक्टरला थांबून परत बघायला लावतं.

आणि काही गोष्टी करू नका. सुस्त मुलाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. गार पायांना गरम पाण्याची पिशवी लावून 'आता बरं वाटतंय' असं समजू नका. डेंग्यूची शंका असेल तर तापाला अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन देऊ नका. आणि एक अपवाद लक्षात ठेवा. रक्तात जंतूंचा संसर्ग पसरला किंवा एखाद्या गोष्टीची तीव्र अॅलर्जी आली, तर शॉकमध्येही हातपाय सुरुवातीला गरम आणि लालसर असू शकतात. म्हणून नुसत्या पायांवर विसंबू नका, सगळं मूल बघा.

पहाट

त्या रात्री मी वरिष्ठांना उठवलं. सलाइन मोजून सुरू केलं. दर पंधरा मिनिटांनी मी आणि सिस्टर आळीपाळीने त्याच्या खाटेशी जात होतो. नाडी, पाय, नख, बीपीचे दोन्ही आकडे. दोन वाजता नाडी १२० वर आली. तीनला बीपी ९८/७०. पाय घोट्यापर्यंत कोमट झाले, तळवे अजून गारच.

पहाटे साडेचारच्या सुमाराला तो उठून बसला आणि आईला म्हणाला, "शू लागलीय."

सिस्टरांनी बाटली धरली, उजेडात नेऊन आकडा वाचला आणि कागदावर लिहिला. मग मला म्हणाल्या, "झालं मॅडम, आता चहा घ्या." एवढंच. मी 'बीपी नॉर्मल' लिहिलेला तो केसपेपर त्यांनी पाहिला होता, पण त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत.

तेव्हापासून मी कुठल्याही मुलाला तपासताना आधी पायाला हात लावते. यंत्र नंतर.

आजच्यासाठी एवढंच. तुमच्या ओळखीत लहान मूल असलेलं एखादं घर असेल, तर हा भाग त्यांना पाठवा. प्रश्न असतील तर लिहा, पुढच्या भागात घेऊ. काळजी घ्या. भेटूच.